देवरामभाऊंची चौथी ओळ

"बाई, शंभर मिली पाणी घालू, का शंभर मिलीपर्यंत भरू?"

देवरामभाऊंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. पिंपळगावच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून लागून मला जेमतेम दोन दिवस झाले होते. नववीला द्रावणाची संहती शिकवायची होती, म्हणून प्रयोगशाळेच्या दारातूनच मी ऐटीत सांगितलं होतं, "मिठाचं दहा टक्के द्रावण करून ठेवा." आणि वळले, तर मागून हा प्रश्न आला. दोन्हींत फरक काय ते मला कळेना. रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बीएस्सी झालेली मी, आणि विचारणारा प्रयोगशाळेचा मदतनीस. "काहीही करा, एकच आहे ते," असं म्हणून मी मोकळी झाले.

त्यांनी वाद घातला नाही. दहा ग्रॅम मीठ तोललं, शंभर मिली पाण्यात ढवळलं आणि ते पाणी परत मोजपात्रात ओतून माझ्यासमोर धरलं. पाणी शंभराच्या खुणेच्या तीन मिली वर गेलं होतं. "आता ह्यातलं शंभर मिली वर्गातल्या एका पोरीला दिलं, तर तिच्या वाट्याला दहा ग्रॅम मीठ येतं का?" त्यांनी विचारलं. येत नव्हतं. "आधी मीठ, मग थोडं पाणी, मग ढवळायचं, आणि शेवटी खुणेपर्यंत भरायचं. पाणी मोजून घालायचं नसतं बाई, पाण्यानं जागा भरायची असते." पुस्तकात हेच लिहिलं होतं. मी ते पाठ करून परीक्षेत लिहिलंही होतं. पण हातानं करण्याची वेळ कधी आली नव्हती, हे त्या दिवशी ध्यानात आलं.

देवरामभाऊ मूळचे हरसूलच्या बाजूचे. तिकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर त्यांची भाताची थोडी जमीन होती, आणि दरवर्षी भात झोडायच्या वेळी ते आठवडाभर रजा टाकत. एरवी रजा नाही. शाळेत ते शिपाई म्हणून लागले होते. शिक्षण आठवीपर्यंत. कुणा जुन्या सरांनी त्यांना रासायनिक तराजू वापरायला शिकवला आणि त्यांचा हात बघून प्रयोगशाळेतच ठेवून घेतलं. माणूस ठेंगणा, काटक. खाकी सदऱ्याच्या खिशात कायम मेणबत्तीचा तुकडा. हा तुकडा कशाला, असं मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. वीज जात असेल म्हणून, असं धरून चालले होते.

तो असायचा चिठ्ठ्यांसाठी. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर देवरामभाऊंची चिठ्ठी असे. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांच्या पट्ट्या कापायच्या, त्यांवर गोल अक्षरात पाच ओळी लिहायच्या, गव्हाच्या खळीनं त्या बाटलीला चिकटवायच्या आणि वरून मेण घासायचं, म्हणजे आम्ल सांडलं तरी अक्षर जात नाही. पाच ओळी ठरलेल्या. पहिली ओळ काय, दुसरी किती, तिसरी कशात, चौथी किती वेळात विरघळलं आणि पाचवी कोणी केलं. मोरचूद, वीस ग्रॅम, पाण्यात शंभर मिलीपर्यंत, ढवळून दहा मिनिटं, देवराम.

चौथ्या आणि पाचव्या ओळीचं मला हसू यायचं. वेळ कशाला लिहायचा? आणि सगळीच द्रावणं देवरामभाऊच करतात, तर प्रत्येक बाटलीवर नाव कशाला? एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "वेळ लिहिला की पुढच्याला कळतं, किती दम धरायचा. आणि नाव असं हाय बघा, बाटली मुकी असते. उद्या काय वाईटवंगाळ झालं तर ती काय सांगणार? ज्यानं केलं त्यानं आधीच सांगून ठेवावं." हे सांगताना त्यांचा चेहरा दुकानदाराला सामानाची यादी सांगावी तसा होता. मी मान हलवली आणि विसरून गेले.

थंडीतली एक गोष्ट सांगते. निफाड तालुक्यातला गारठा ज्यानं सोसला आहे त्याला वेगळं सांगायला नको. सकाळी नळाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली राहत नाहीत. अशा दिवसांत कपाटातल्या संपृक्त द्रावणांच्या तळाशी खडे धरत. एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सोऱ्याच्या द्रावणाची बाटली उचलून उजेडात धरली आणि मुख्याध्यापकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "द्रावण किती जुनं आहे हे. तळाशी घाण बसली आहे." मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले. मी देवरामभाऊंकडे.

"घाण नाही साहेब, थंडी हाय," देवरामभाऊ म्हणाले. "हे दिवाळीच्या उन्हात केलं होतं. आताच्या पाण्याला तेवढं पेलत नाय, म्हणून त्यानं जास्तीचं खाली ठेवलंय." त्यांनी बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी केली. पाच-सात मिनिटांत तळ साफ झाला. परीक्षक हसले आणि त्यांनी त्यावरच मुलांना दोन प्रश्न जास्तीचे विचारले. तापमानाबरोबर विद्राव्यता कशी बदलते, याचा आलेख मी त्याआधी तीन वर्षं फळ्यावर काढत होते. त्यानंतर मी आधी बाटली दाखवायची, मग आलेख काढायचा, असा क्रम धरला. फरक पडला. मुलं आलेख विसरत, पण थंडी विसरत नसत.

आता द्राक्षांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. पिंपळगाव म्हणजे द्राक्षाचं गाव. ऑक्टोबरात छाटणी झाली, घड निघाले आणि मणी ज्वारीच्या दाण्याच्या वर गेले की बागाईतदार ते 'जीए'च्या पाण्यात बुडवतात. हे जीए एक संजीवक. पांढरी भुकटी, इतकी जालीम की शंभर लिटर पाण्याला काही ग्रॅम पुरे. त्यानं मणी फुगतो. कमी पडलं तर मणी बारीक राहतो. जास्त झालं तर देठ जाड नि कडक होतो, मण्याची साल राठ होते आणि व्यापारी पेटीला हात लावत नाही. घड बुडवायचं काम बायका करतात. पिंपातून बादली भरून घ्यायची आणि मगात एकेक घड बुडवत ओळ संपवायची. याला सगळे डिपिंगच म्हणतात.

गावात तेव्हा ग्रॅमचा खरा तराजू शाळेतच होता. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात प्रयोगशाळेच्या खिडकीशी बागाईतदारांची रांग लागे. ही प्रथा कुणी घातली, ठाऊक नाही. शाळेनं चालवून घेतली होती, आणि त्याबद्दल मार्चमध्ये मुलांना द्राक्षाच्या पेट्या येत. देवरामभाऊ भुकटी तोलायचे, आधी थोड्या स्पिरिटमध्ये ती विरघळवायचे, मग पाणी घालायचे आणि पाच ओळींची चिठ्ठी लावून बाटली खिडकीतून द्यायचे. त्याआधी मात्र उलटतपासणी होई. "पिंप किती लिटरचं?" "मोठं हाय भाऊ." "मोठं म्हंजे किती? बादलीनं मोजून ये." मग फटफटीवरून आलेला तो ऐटबाज माणूस निमूट बादल्या मोजायला परत जायचा. त्यांचं एक वाक्य तेव्हा मी शंभरदा ऐकलं असेल. कुणी घाई करून म्हणालं, "झालं की भाऊ, काय दिसत नाय आता," तर ते बाटली हलवत राहत आणि म्हणत, "दिसत नाय म्हंजे विरघळलं असं नसतं."

माझं सासर बागाईतदारांचं. आम्ही सासऱ्यांना आबा म्हणायचो. आबांना सून बीएस्सी असल्याचा केवढा अभिमान. चहाच्या टपरीवर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत कुठंही ते सांगत. त्या वर्षी डिपिंगची वेळ आली तेव्हा देवरामभाऊ भात झोडायला गावी गेले होते. मणी कुणासाठी थांबत नाहीत. आबा म्हणाले, "घरात शास्त्रज्ञ असताना मी खिडकीला कशाला जाऊ? सुलभा, तूच कर."

आबांनी एकेक ग्रॅमच्या नऊ पुड्या आणल्या होत्या, त्यामुळे तोलायचा प्रश्नच नव्हता. पिंप दोनशे लिटरचं. लिटरला चाळीस मिलिग्रॅम हवं होतं. म्हणजे आठ ग्रॅम. मी गणित तीनदा केलं, तीनदा बरोबर आलं. मग आठ पुड्या फोडून सरळ पिंपात टाकल्या आणि काठीनं पाच मिनिटं ढवळलं. स्पिरिटची मला आठवण झाली होती, नाही असं नाही. पण घरात स्पिरिट नव्हतं, आणि मनात म्हटलं, ही भाऊंची जुनी खोड आहे, आठ ग्रॅम भुकटी दोनशे लिटर पाण्यात कुठे जाणार आहे? वरून पाणी नितळ दिसत होतं. मी हात पुसले. आबांनी शेजारच्या बागेतल्या माणसाला हाक मारून सांगितलं, "बघ, आमच्या सूनबाईनं केलंय."

डिपिंगला हरसूलकडच्या बायकांची टोळी होती. डोंगरातली भातं कापून झाली की ही माणसं आमच्याकडे कामाला उतरतात, बागेच्या कडेला पालं टाकून राहतात आणि काढणी संपवून परत जातात. टोळीची मुकादम यमुनाबाई. देवरामभाऊंची ही सख्खी धाकटी बहीण. आठ बायकांनी शनिवार-रविवार खपून एकराचा तो तुकडा संपवला. एकेक बादली वरून भरत भरत रविवारी संध्याकाळी पिंपाचा तळ लागला.

तीन आठवड्यांनी बाग बोलायला लागली. शनिवारच्या ओळींत मणी वाटाण्याएवढेच राहिले होते. रविवारच्या ओळींत, आणि शेवटच्या चार-सहा ओळींत तर फारच, देठ जाडजूड, कडक, हात लावला तरी कळावेत असे. मधे चुन्यानं रेघ मारावी तसा फरक. आबा बागेत दोन फेऱ्या मारून आले आणि ओट्यावर बसले. "पहिल्या दिवशी बायकांनी नुसतं पाणी दाखवलंय घडाला," ते म्हणाले. "आन् दुसऱ्या दिवशी चूक झाकायला दोन-दोनदा बुडवलं. मी मळ्यात नव्हतो ना, साधला डाव."

यमुनाबाईला त्यांनी बोलावून घेतलं. ती उभी राहूनच म्हणाली, "आबा, शनवारी जो हात व्हता त्योच आयतवारी. आमी काय जादा केलं नाय, कमी केलं नाय." आबांनी ऐकून घेतलं नाही. काढणीला दुसरी टोळी बघतो म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण टपरीवर ते चार लोकांत बोलले, आणि ज्या दोघा बागाईतदारांनी यमुनाबाईच्या टोळीला काम सांगितलं होतं, त्यांनीही निरोप फिरवले. कामचुकार म्हणून एकदा नाव पडलं की तालुक्यात त्या टोळीला कुणी उभं करत नाही. मी ओट्याच्या दारात उभी होते. मला तेव्हा खरंच काही कळलं नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत देवरामभाऊंनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. "बाई, नववी पुडी उरली असंल ना? उद्या आणाल?" मला त्यांचं बोलणं नीट समजलं होतं की नाही, कोण जाणे. पण मी लगेच घरी जाऊन पुडी घेऊन आले. उद्यापर्यंत थांबवेना. त्यांनी स्टँडमध्ये दोन परीक्षानळ्या उभ्या केल्या. एकीत पाणी घेऊन वर चिमूटभर भुकटी टाकली आणि हलवलं. दुसरीत आधी थोडं स्पिरिट, मग भुकटी, मग पाणी. दोन्ही नळ्या लांबून सारख्याच नितळ दिसत होत्या. मग त्यांनी पहिली नळी काळ्या कागदासमोर धरली. तळाच्या गोलाईत भुकटीचे बारीक गोळे चिकटून बसले होते. बाहेरून ओले, आतून कोरडे.

"विरघळतं ते पाण्यातपण," ते म्हणाले, "पण लय सावकाश. तोवर वरचं पाणी निघून जातं."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. शनिवारी वरचं फिकं पाणी गेलं, रविवारी तळाचं जहाल. आठ ग्रॅमचं माझं गणित अगदी बरोबर होतं, फक्त ते आठ ग्रॅम पाण्यात नव्हते, पिंपाच्या बुडाशी होते. द्रावण म्हणजे समांगी मिश्रण, त्याचा कुठलाही थेंब घ्या, संहती सारखीच, हे वाक्य मी त्याच आठवड्यात नववीच्या फळ्यावर लिहिलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं माझं झालं.

"भाऊ, आबांना तुम्ही सांगाल?" मी विचारलं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

"मी नाय सांगणार," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सांगायचं असंल तर तुमीच." पहिल्या नळीला त्यांनी बूच लावलं, घंटा झाली आणि ते पाण्याची घागर भरायला निघून गेले. बहिणीचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

मंगळवारी मी सांगितलं नाही. आबांचे पाय दुखत होते. बुधवारी पाहुणे आले. गुरुवारी मी मनाशी ठरवलं, की काढणीच्या वेळी आबांचा राग निवळेल, तेव्हा टोळीसाठी शब्द टाकू, म्हणजे सगळ्यांचंच भागेल. माणूस स्वतःची किती सोय बघतो. मला भीती आबांच्या रागाची नव्हती. त्यांच्या त्या अभिमानाची होती. गावभर मिरवलेली शास्त्रज्ञ सून एका पिंपात बुडणार होती.

शुक्रवारी सकाळी शाळेत निघाले तर बागेच्या कडेला यमुनाबाईच्या बायका पालांचे कागद घड्या करत होत्या. भांडी गोणीत भरून झाली होती. दुपारी टेंपो येणार होता. आबा दाराशी एका नव्या मुकादमाशी बोलत उभे होते. मी लूना परत स्टँडवर लावली.

"आबा, चूक ह्यांची नाही," मी म्हणाले. "पिंपातली भुकटी विरघळलीच नव्हती. मी ती तशीच टाकली. आधी स्पिरिटमध्ये विरघळवायला हवी होती."

आबांनी नव्या मुकादमाला हातानंच थांबवलं. "म्हंजे मी ह्यांच्या नावानं गावभर बोंबललो, ते?"

"माझं पाप त्यांच्या माथी मारलं गेलं," मी म्हणाले.

"कळलं कसं तुला?"

"देवरामभाऊंनी नळीत करून दाखवलं. सोमवारी."

आज वार कोणता, हे आबांनी मनात मोजलं असणार. ते यमुनाबाईकडे वळले. "हा तुझाच भाऊ ना? मग तुला त्यानं सांगितलं नाय व्हय?"

यमुनाबाई दोरी गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "आमाला काय ठावं त्यातलं."

आबा तोंडाचे फटकळ, पण मनाचे स्वच्छ होते. नव्या मुकादमाला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. मग पायात चपला घालून, दुखऱ्या पायांनीच, त्या दोन्ही बागाईतदारांकडे स्वतः गेले आणि टपरीवर जिथं बोलले होते तिथंच उभं राहून बोलले, "बायकांचं काय चुकलं नव्हतं. माझ्या घरातनंच चुकलं." पालं पुन्हा उभी राहिली. त्या एकराचा माल त्या वर्षी गावठी बाजारात आणि बेदाण्याला गेला. मला आबा एक शब्दही टाकून बोलले नाहीत. मात्र पुढं जन्मभर, मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला की ते चमच्यानं तळ खरवडायचे आणि विचारायचे, "साखर विरघळलीय ना गं? का नुसती दिसत नाय?"

शनिवारी मी प्रयोगशाळेत गेले. शाबासकीची माझी थोडी अपेक्षा होती, कबूल करते. देवरामभाऊंनी विचारलं नाही, मी सांगितलं तेव्हा नुसतं "बरं झालं" म्हणाले. मग ती बूच लावलेली पहिली नळी काढली आणि कागदाची पट्टी नि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं. काय : जीए. किती : चिमूटभर. कशात : नुसत्या पाण्यात. चौथ्या ओळीशी अडले.

"ह्या नळीवर किती वेळ लिहायचा, भाऊ?"

"ती ऱ्हाऊ द्या. ती मला नक्की माहीत नाय," ते म्हणाले. "खाली नाव लिहा."

मी पाचव्या ओळीवर माझं नाव लिहिलं. त्यांनी खळ लावली, चिठ्ठी चिकटवली, मेण घासलं आणि नळी कपाटाच्या काचेमागे, पहिल्या फळीवर ठेवली. दरवर्षी नववीला द्रावणाचा धडा आला की मी ती नळी बाहेर काढते आणि सगळी गोष्ट सांगते. मुलांना बाईंच्या चुकीइतकं दुसरं काही आवडत नाही, त्यामुळे हा धडा सहसा कुणाचा चुकत नाही.

देवरामभाऊ निवृत्त झाले ते नवं शतक लागल्यावर तीन-चार वर्षांनी. तोवर तयार द्रावणं छापील चिठ्ठ्यांसकट बाटल्यांतून यायला लागली होती. गावात औषधाच्या दुकानांतून साधे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि खिडकीपुढची रांगही सरली. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. नव्या मदतनिसाला मात्र तीन दिवस बसवून एकेक बाटली हातात दिली. शेवटी खिशातला मेणबत्तीचा तुकडा टेबलावर ठेवला आणि "येतो बाई" म्हणून गेले. ते दर थंडीत शाळेत चक्कर मारत, पहिल्यांदा कपाटातल्या बाटल्यांच्या तळाशी खडे धरलेत का ते बघत, मग माझी चौकशी करत.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. दहाव्याला मी नाशिकहून एसटीनं त्र्यंबकमार्गे हरसूलला गेले, तिथून जीपनं पाड्यावर. यमुनाबाई आता पिकली होती. टोळी तिची सून नेत होती, आजही आमच्याच बागेत. तिनं मला घोंगडीवर बसवलं, कोरा चहा दिला. भावाच्या चार आठवणी निघाल्या. मी सहज म्हणाले, "भाऊंनी मला तेव्हा नळी दाखवली नसती, तर तुमच्यावर केवढा अन्याय झाला असता. तुम्हाला तर काही ठाऊकही नव्हतं."

यमुनाबाईनं माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला. मग म्हणाली, "ठावं व्हतं की. आयतवारी रातच्याला पालावर जेवायला आला, तवा नऊतल्या आठ पुड्या पिंपात तशाच टाकल्याचं मी बोलले, अन् तवाच सांगितलं त्यानं. तुमाला नळी दावायच्या आदी."

"मग आबांना का नाही सांगितलं?"

"तो नको म्हनला. मी लय भांडले त्याच्यासंगं. आमचं सालभराचं काम चाललं व्हतं, बाई. तो म्हनला, बाईंचं नाव बाईच लिवतील. आपुन लिवायचं नाय."

"आणि मी लिहिलं नसतं तर?"

"ते बी म्हनला व्हता," ती म्हणाली. "म्हनला, नाय लिवलं तर शुक्रवारच्या टेंपोत बसायचं. तशी तयारी ठेव."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या चार दिवसांत आबांचे पाय दुखत होते, पाहुणे आले होते, मी शब्द टाकायचं ठरवत होते. आणि तेवढे चारही दिवस हा माणूस रोज मला "बाई, आज कोणता प्रयोग?" असं विचारत माझ्यासमोर नळ्या धूत होता. स्वतःच्या बहिणीची भाकरी त्यानं माझ्या भरवशावर ठेवली होती आणि मला त्याचा भार कळू दिला नव्हता. इतका भरवसा माझ्यावर माझ्या आईबापांनीही कधी टाकला नसेल. मला रडू आलं. यमुनाबाईनं पाठीवरून हात फिरवला. तिच्या भावाच्या दहाव्याला समजूत तीच माझी घालत होती.

सोमवारी शाळेत गेल्यावर मी ती नळी काढली. चिठ्ठीवरचं जुनं मेण नखानं खरवडलं, चौथ्या ओळीत "चार दिवस" लिहिलं आणि मेणबत्ती घासली. यंदा नववीतल्या एका मुलीनं नळी उजेडात धरून चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "बाई, एवढीशी भुकटी, आणि चार दिवस लागले?"

"हो," मी म्हणाले, "मला लागले." आणि मग तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.